मुकं यंत्र आणि मामाची मोगरी

तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव मामाने ठेवलं होतं, ती चालायला लागली त्याच आठवड्यात, आणि ते इतकं चपखल बसलं की दाखल्यावरचं नाव घरचेच विसरून गेले. बसून जेवणं तिला जमायचं नाही. दात घासतानाही ती घरभर फिरायची. इंजिनिअर झाली तेव्हा मामी म्हणाली, "चला, आता यंत्रं पळतील हिच्या मागे. माझी सुटका झाली."

पण गेले काही दिवस तिची जी घालमेल चालली होती ती नेहमीची नव्हती. मामीने वाढलेलं ताट ती खिडकीत ठेवून विसरायची, एका पायात चप्पल घालून दाराबाहेर पडायची आणि परत यायची. शुक्रवारी कोल्ड स्टोरेजच्या मालकीण, मॅडम, तीन नंबरची खोली बघायला येणार होत्या. तिथे भिंगरीचं यंत्र पास झालं नाही, तर मामा पुन्हा शिडीवर चढणार होता. तिच्या जिवाला घोर लागला होता तो एवढाच, आणि तो काही लहान नव्हता.

मामा कोल्ड स्टोरेजमध्ये फोरमन. आत मटार, मक्याचे दाणे, मासळी खोक्यांत रचून गोठवलेली. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गार पत्र्यांची रांग. खोली थंड ठेवतात ते हे पत्रे. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि पत्र्यांवर बर्फ होऊन बसते. थर जाड झाला की पत्रे असून नसल्यासारखे. ज्याने खोली गार करायची तोच गोधडी पांघरून झोपला तर दुसरं काय होणार?

तो बर्फ मामा काढायचा. शिडीवर चढून, लाकडी मोगरीने, ठक ठक करत. पत्र्यांच्या मागून गॅसचे पाइप जातात, एखादा घाव चुकला तर पाइप फुटायचा, त्यामुळे ऐऱ्यागैऱ्याच्या हातात मोगरी द्यायची सोय नव्हती. निदान मामाचं तसं म्हणणं होतं. मामाच्या मते जगातली बहुतेक माणसं ऐरीगैरीच होती.

मामाची आणखी एक सवय सगळ्यांना पाठ होती. चष्मा घालून आत गेलं की बाहेर येताच काचांवर वाफ धरते आणि आंधळी कोशिंबीर खेळायची वेळ येते. म्हणून तो आत जाताना चष्मा काढून दाराशेजारच्या फळीवर ठेवायचा. चष्मा फळीवर असला की मामा आत आहे, हे हमालांपासून मॅडमपर्यंत सगळे जाणून होते. दाराला बाहेरून कडी घालण्याआधी जो तो फळीकडे बघायचा. चष्म्याशिवाय मामाला स्वतःची चप्पल सापडत नसे, पण आतलं काम तो वर्षानुवर्षं तसंच करत आला होता.

मग गेल्या वर्षी शिडी सरकली. मामा खाली आला तो खोक्यांच्या कडेवर. डावा खांदा गेला आणि हात पुन्हा कधी डोक्याच्या वर उचलला गेला नाही. आवाज देऊन देऊन कोणी येईपर्यंत तो तिथे पडून राहिला, त्यात दोन बोटं कायमची बधिर झाली. मामीने त्याला शिडीवर न चढण्याची शपथ घातली. मॅडमनी त्याला दाराजवळ टेबल-खुर्ची दिली. बर्फ काढायला खोली बंद करून पत्र्यांवर पाण्याचा पाइप मारणं सुरू झालं. पण त्यासाठी दर वेळी सगळा माल दुसरीकडे हलवावा लागे, मासळी नरम पडे आणि मॅडमचं डोकं गरम होई.

तेव्हा भिंगरी पुढे झाली. तिने पत्र्यांच्या मागच्या बाजूला पैशाएवढ्या चकत्या चिकटवल्या. वीज दिली की या चकत्या थरथरतात, आणि इतक्या भराभर थरथरतात की त्यांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. पत्रा थरथरला की बर्फाची पकड सुटते आणि बर्फ आपसूक खाली पडतो. शिडी नको, पाणी नको, बाहेरच्या भिंतीवर एक हिरवं बटण तेवढं दाबायचं.

"आवाज नाही?" मामाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही."

"मग ते काम करतंय की झोपलंय, कळायचं कसं?"

"बर्फ पडला की कळेल."

"आणि नाही पडला तर?" मामा हसला. "मुकं यंत्र आणलंस बाई. माझी मोगरी बोलते तरी."

आणि कसं कोण जाणे, मामाचं तोंड लागलं. यंत्र चालेना. म्हणजे चाले आणि चालेना. संध्याकाळी भिंगरी बटण दाबून घरी जायची आणि सकाळी यायची तर पत्रे लख्ख. तिला आभाळ ठेंगणं व्हायचं. दिवसभरात पुन्हा बर्फ धरायचा, ती बटण दाबायची, आणि काही नाही. रात्री चालणारं यंत्र दिवसा का रुसतं, या प्रश्नाने तिची झोप उडाली. रात्री वीज चांगली येते, असा एक सिद्धांत तिने मांडला आणि दोन दिवसांत मोडीत काढला. मग शिडीवर चढून तिने मागून हात फिरवला तर चकत्या सैल. गोंदाला चिरा गेलेल्या. चकती पत्र्याला घट्ट धरून नसेल तर ती थरथरेल एकटीच, पत्र्याला त्याचं काय?

म्हणजे गोंदच खोटा. तिने दुसरा आणला. त्यालाही चिरा. तिसरा आणला. घरच्या फ्रीजरमध्ये मामीला बर्फाच्या ट्रेऐवजी पत्र्याचे तुकडे सापडायला लागले, प्रत्येकावर एक चकती आणि कडेने वेगवेगळ्या रंगांचा गोंद. "पाहुणे आले तर सरबतात हे घालू का?" मामीने विचारलं.

आणि खरी चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की घरच्या फ्रीजरमध्ये एकाही गोंदाला चीर जात नव्हती. पहिला, स्वस्तातला गोंदसुद्धा दगडासारखा बसलेला. तीच थंडी, तोच पत्रा, तीच चकती. घरी टिकतो तो तीन नंबरमध्ये का टिकत नाही? भिंगरी हा प्रश्न घेऊन जिने चढली, जिने उतरली, बसमधून एक स्टॉप आधीच उतरून चालत सुटली. उत्तर काही मिळेना. रस्त्यातली माणसं तिला वाट द्यायची, आणि तिला वाटायचं ही सगळी इतकी सावकाश का चालतात.

मामा मात्र मजेत होता. टेबलाशी बसून चहा प्यायचा आणि ती समोरून गेली की विचारायचा, "काय, बोललं का आज?" तिला कधीकधी त्याचा इतका राग यायचा की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा त्यालाच सोयरसुतक नाही, असं तिला वाटायचं. मग त्याची ती दोन बोटं कपाला नीट टेकत नाहीत हे दिसायचं आणि राग गिळावा लागायचा.

मॅडमना मागून सगळे पारा म्हणत. भेटल्यावर त्या नमस्काराच्या आधी खोलीचं तापमान सांगत, म्हणून. सोमवारी त्यांनी भिंगरीला उभ्याउभ्याच निकाल सांगितला. "शुक्रवारी सकाळी येते. पत्रे साफ दिसले तर चारही खोल्यांत बसव. नाहीतर आपली मोगरी बरी. मला आता पाणीबिणी नको."

"मोगरी कोण मारणार?" भिंगरीने विचारलं.

"मीच की," मामा टेबलावरून म्हणाला. "दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. पाइप फोडतील लेकाचे."

"मामीची शपथ?"

"शपथेला फोडणी देता येते," मामा म्हणाला, आणि मॅडम चक्क हसल्या. भिंगरीला त्या हसण्याचं हसू आलं नाही.

गुरुवारी तिने शेवटचा डाव टाकला. सैल झालेली प्रत्येक चकती काढून, घासून, नव्या महागड्या गोंदाने बसवली. गोंद नीट धरावा म्हणून यंत्र दिवसभर आणि रात्रभर बंद ठेवलं. पत्र्यांवर बर्फ साचत गेला. साचू दे, तिने स्वतःला सांगितलं, सकाळी एकदम पाडू.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडायच्या सुमारास मामाची बाहेर पडायची चाहूल लागली. तो अलीकडे लवकर जातो, टेबलाचं काम असतं म्हणे. थोड्या वेळाने भिंगरीही उठली. बस यायला वेळ होता आणि थांबायचा धीर नव्हता. ती चालतच निघाली. दुकानांची दारं अजून बंद होती. एक माणूस बादलीतून पायरीवर पाणी ओतत होता, तिने ते ओलांडून उडी मारली आणि त्याने हात कपाळाला लावला.

कोल्ड स्टोरेजचं मोठं दार उघडं. मामाच्या टेबलावर चहाचा कप, वर साय धरलेली. मामा नाही. गेला असेल इकडेतिकडे. ती सरळ तीन नंबरच्या भिंतीपाशी गेली. रोज ती आधी बटण दाबायची आणि मग बाकीच्या जगाकडे बघायची. आजही अंगठा हिरव्या बटणावर टेकलाच होता.

फळीवर चष्मा होता.

तिचा हात जागच्या जागी गोठला. पायसुद्धा. आतून, जाड दारामागून, ओळखीचा आवाज येत होता. ठक. ठक ठक. ठक.

दार उघडलं तर थंडीचा लोट अंगावर आला. मामा शिडीच्या वरच्या पायरीवर होता, डावं कोपर शिडीत अडकवून, उजव्या हातात मोगरी. अर्ध्याहून जास्त पत्रे त्याने लख्ख केले होते. खाली फरशीवर बर्फाच्या ढलप्यांचा सडा पडला होता.

"कोण?" मामाने डोळे बारीक केले. "भिंगरी? अगं, इतक्या लवकर?"

"खाली उतर."

"उतरतो गं. तो पलीकडचा कोपरा तेवढा राहिलाय. हा हात पोचत नाही तिकडे, आणि मध्ये मासळीची थप्पी. बघतो जरा वाकून…"

"मामा, खाली उतर!"

तिचा आवाज पत्र्यांवरून परत आला. मामा उतरला. एकेक पायरी चाचपत, पाय टेकतोय की नाही याची खात्री करत. ती शिडी धरून उभी राहिली. तो जमिनीवर आला तेव्हा तिने त्याचा हात धरला, तर बोटं खडूसारखी पांढरी झाली होती. तिने ती दोन्ही तळव्यांत घट्ट दाबली.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज कुठे. सकाळच्या वेळी. मधूनमधून." मामा पुटपुटला. "मामीला सांगू नकोस."

"का पण? तुला तर यंत्राची थट्टा करण्यात मजा येते ना?"

"ती वेगळी." मामाने नाक ओढलं. "रात्री परत येतेस ते तोंड बघवत नाही मला. म्हटलं, पारानं एकदा हो म्हटलं की झालं. मग यंत्र शिकेल हळूहळू. पोरं नाही का शिकत?"

"यंत्र शिकत नाही, मामा!" आणि बोलता बोलता तिला सगळं एकदम दिसलं. घरी टिकणारा गोंद. रात्री चालणारं आणि दिवसा रुसणारं यंत्र. "अरे, तुझ्या मोगरीच्या दणक्याने माझ्या चकत्या सुटतायत. रोज मी चिकटवते, रोज तू हलवतोस."

"मी पत्र्याला लावतच नाही. बर्फाला मारतो फक्त."

"बर्फ कशाला चिकटलाय?"

मामाने वर बघितलं, जिथे त्याला धूसर उजेडाशिवाय काही दिसत नव्हतं. मग हातातल्या मोगरीकडे बघितलं. त्याचं तोंड इतकं उतरलं की भिंगरीला आपण बोललो याचाच राग आला. तिला त्याला मिठी मारायची होती आणि गदागदा हलवायचंही होतं. तिने त्याचा मफलर नीट केला आणि त्याला दाराबाहेर ओढलं.

"मायनस अठरा," मागून आवाज आला. मॅडम. वेळेच्या आधीच आल्या होत्या. त्या उघड्या दारातून आत डोकावल्या, लख्ख पत्र्यांवरून नजर फिरवली आणि भिवया वर गेल्या. "अरे वा. जमलं की. तो कोपरा राहिलाय, पण चालायचंच. बसव चारही खोल्यांत."

भिंगरीला आयुष्यात इतकं सोपं काही मिळालं नव्हतं. एक मान हलवायची होती. मामा तिच्याकडे बघतही नव्हता, मोगरी पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभा होता. मान हलवली असती तर यंत्र पास झालं असतं, आणि मामा रोज सकाळी अंधारलेल्या डोळ्यांनी शिडी चढत राहिला असता. आता एका नाही, चार खोल्यांत.

"हे यंत्राने नाही केलं, मॅडम," ती म्हणाली. "मामाने केलंय. आत्ता."

मॅडमचा पारा चढला. शिडी, मोगरी, मामा असं करत त्यांनी तिघांकडेही बघून घेतलं. "खांदा मोडलेल्या माणसाने? माझ्या खोलीत? आणि मग तुझं यंत्र करतं काय?"

भिंगरीने आत बघितलं. मासळीच्या थप्पीमागचा कोपरा. थप्पीमुळे तिथे शिडी लागत नसे, मामाचा हात पूर्वीही कधी पोचला नव्हता. तिथल्या चकत्या कधी सैल झाल्या नव्हत्या, म्हणून तिने कधी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्यांना अजून तोच पहिला स्वस्तातला गोंद होता. तो कोपरा नेहमी साफ असायचा, आणि ती समजायची की थप्पीमागे दमट हवा पोचत नाही, त्यामुळे बर्फ धरतच नाही. सगळं जग जिथे बिघडतंय तिथे ती धावत होती. जिथे बरं चाललंय तिथे थांबून बघायला तिला फुरसत कुठे होती? काल यंत्र बंद होतं. आज त्या कोपऱ्यावरही बोटभर जाड बर्फ होता.

"तो कोपरा तेवढा माझा आहे," ती म्हणाली. "बाकीचं सोडा. तेवढंच बघा."

तिने फळीकडे बघितलं. चष्मा अजून तिथेच होता. मामा मात्र बाहेर होता, तिच्या शेजारी, तिने त्याची बाही मुठीत धरून खात्री केली. मग बटण दाबलं.

काही झालं नाही. यंत्र मुकंच. मॅडम घड्याळाकडे बघायला लागल्या. भिंगरीचे पाय नेहमीसारखे तिला कुठेतरी घेऊन जायला निघाले. पुन्हा बटण दाबावं, आत पळावं, वायर हलवून बघावी. मामाने तिचा खांदा धरला. "थांब गं जरा," तो म्हणाला. ती थांबली.

कोपऱ्यात आधी एक बारीक तडा गेल्याचा आवाज झाला. मग अख्खी लादी सुटली आणि थप्पीमागे धाडकन आपटली.

"पडला!" मामा ओरडला. "पडला ना? कुठला पडला? अगं, मला दिसत नाही काही!"

तिने फळीवरचा चष्मा घेतला आणि त्याच्या नाकावर चढवला. मामाने मोगरी तिच्या हातात दिली, कुणाला न विचारता, आणि चष्मा घालून आत गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शिडीला हातही न लावता तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि मान वर करून बघत राहिला. कोपऱ्यातला पत्रा आरशासारखा सपाट होता. बाकीचे सगळे पोच्यांनी भरलेले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक हात जागा गुळगुळीत राहिली नव्हती.

"हे एवढे पोचे?" मामाने विचारलं. "हे माझे?"

"तुझेच," भिंगरी म्हणाली.

"मला वाटायचं, मी बर्फालाच मारतो." बधिर बोटांनी त्याने पलीकडच्या साफ कोपऱ्याकडे खूण केली. "ते बरं दिसतंय."

"बाकीचे तसे करून दाखव," मॅडम भिंगरीला म्हणाल्या. "तोवर पाण्याचं बघते मी." मग त्यांनी हात पुढे केला. "आणि ती मोगरी माझ्या ऑफिसात राहील."

भिंगरीने मोगरी देऊन टाकली.

मामा बाहेर आला आणि दारातच थबकला. चष्म्याच्या काचा पांढऱ्याधोप झाल्या होत्या. त्याने चष्मा काढला नाही. तसाच, काही न दिसता, दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

"अगं भिंगरी, कुठे गेलीस?"

"इथेच आहे," ती म्हणाली. ती खरंच तिथेच होती, जागची हलली नव्हती. तिने रुमाल काढला आणि चष्मा त्याच्या नाकावर असतानाच काचा पुसायला सुरुवात केली.